पगाराच्या पद्धतीत जोखीम कुणाच्या डोक्यावर?

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि नोकरी

या वेळी एकाच विषयावरचे प्रश्न भरपूर आले. एमबीए, बीबीए, एचआरचा डिप्लोमा करणारी मुलं, आणि एका आईचंही पत्र. विषय कॉम्पेन्सेशन मॅनेजमेंट, म्हणजे कामगार-कर्मचाऱ्यांचे पगार कसे ठरतात ते. हा विषय नीट शिकवला जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून उत्तरं थोडी लांबली आहेत.

प्रश्न : ताई, मी एमबीए एचआर सेकंड इयरला आहे, कॉलेज गंगापूर रोडला. कॉम्पेन्सेशनचा पेपर म्हणजे नुसत्या व्याख्या आणि हॅल्से-रोवनचे फॉर्म्युले. पाठ करते, पेपर झाला की विसरते. हे आता कुठे वापरतात तरी का? मग शिकायचं कशासाठी?

फॉर्म्युला विसरलीस तरी चालेल गं, पण तो कशासाठी काढला ते विसरू नकोस. पगाराची कुठलीही पद्धत समोर आली की आधी एकच प्रश्न विचारायचा : काम अडलं, मशीन बंद पडलं, माल खपला नाही, तर नुकसान कुणाच्या खिशातून जाणार? सगळा सिलॅबस या एका प्रश्नावर उभा आहे आणि पुस्तकात तोच प्रश्न कुठे लिहिलेला नसतो.

ठरलेला मासिक पगार असेल तर मंदीचा महिना मालकाच्या अंगावर. नगावर मजुरी असेल तर कामगाराच्या अंगावर. आपल्याच नाशिक जिल्ह्यात बघ, मालेगावला लूमवर मीटरप्रमाणे मजुरी, लाइट गेली की लूम थांबला आणि मजुरीही थांबली. सिन्नरला बायका बिड्या वळतात त्याचा दर हजार बिड्यांना, मग पान खराब निघालं, सूत कमी पडलं किंवा तपासताना काही बिड्या बाजूला काढल्या तर त्याचा भार कुणी सोसायचा, हा तिथला खरा पगाराचा प्रश्न असतो, दर किती हा नंतरचा.

आता हॅल्से आणि रोवन, म्हणजे वाचवलेल्या वेळेवर बोनस देण्याच्या पद्धती काढणारे दोघे. ते या दोन टोकांच्या मधली वाट शोधत होते. समज एका जॉबचा स्टँडर्ड टाइम, म्हणजे ठरवून दिलेला वेळ, १० तास, दर तासाला ६० रुपये, आणि ऑपरेटरने तो ६ तासांत केला. ६ तासांचे ३६० रुपये दोन्हीकडे पक्के. हॅल्से म्हणतो वाचलेल्या ४ तासांच्या मजुरीतला अर्धा हिस्सा दे, म्हणजे १२०, एकूण ४८०. रोवन म्हणतो १० पैकी ४ तास वाचले ना, मग ३६० च्या ४० टक्के दे, म्हणजे १४४, एकूण ५०४. इथपर्यंत रोवन कामगाराच्या फायद्याचा वाटतो. आता तोच जॉब ४ तासांत केला असं धर. हॅल्सेचा बोनस १८०, रोवनचा १४४ वरच राहिला. २ तासांत केला तर हॅल्सेचा २४० आणि रोवनचा ९६! म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त वेळ वाचवला की रोवनचा बोनस खाली यायला लागतो. असं का केलं असेल? कारण रोवन हा ग्लासगोचा कारखानदार, त्याला भीती होती की स्टँडर्ड टाइमच चुकीचा, फार सैल ठरला असेल तर बोनस देता देता आपण बुडू. टाइम ठरवताना झालेल्या चुकीची जोखीम त्याने स्वतःवर घेतली नाही, कामगाराच्या बोनसला झाकण बसवलं. एवढं एकदा डोक्यात बसलं की फॉर्म्युला तुझा तुला मांडता येईल, पाठ करायची गरजच नाही. आणि आज कंपन्यांत सेल्स इन्सेंटिव्हला वरची मर्यादा असते ना, कॅप म्हणतात ती, तिच्यामागे हीच भीती आहे.

अजून एक कर. सुट्टीत दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराला विचार, कुठलं काम उक्तं देता आणि कुठलं रोजाने. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या छाटणीला एकरावर उक्तं काम घेतात. पण जिथे घाई केली की घड बिघडतो तिथे शेतकरी जरा विचार करतो. झाडांची संख्या मोजता येते, हाताची काळजी मोजता येत नाही. टेलरने डिफरन्शियल पीस रेट (ठरलेलं काम गाठलं तर नगाला जास्त दर, नाही गाठलं तर कमी) १८९५ मध्ये मांडला, त्यावर पानभर उत्तर लिहिण्याआधी हे संभाषण ऐकून ये, उत्तर वेगळंच येईल.

प्रश्न : मॅडम, कॅम्पसमधून ऑफर आली, ४ लाख २० हजारांचं पॅकेज. घरी मी महिना ३५ हजार सांगितले. सीनियर म्हणतात हातात २७ पण येणार नाहीत. कंपनी फसवतेय का? (मुलगी, कॉलेज रोड)

फसवतेय असं लगेच म्हणू नकोस, पण ऑफर लेटरचं शेवटचं पान, जिथे तक्ता असतो, ते मागून घे. तुझ्या आकड्यावर एक नमुना मांडून दाखवते. समज बेसिक, म्हणजे मूळ पगार, १७,००० आहे. ४,२०,००० मधून वर्षाचा व्हेरिएबल पे ३६,००० बाजूला काढ, मेडिक्लेमचा हप्ता ६,००० काढ, कंपनीचा पीएफचा हिस्सा १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे महिना १,८०० आणि वर्षाचे २१,६०० काढ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे वर्षाला साधारण ९,८०० काढ. उरले ३,४६,६००, महिन्याला साधारण २८,९००. हा झाला ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात २६,९०० च्या आसपास. तुझे सीनियर बरोबर आहेत.

आता वरच्या उत्तरातला तोच प्रश्न इथे लाव. पीएफ तुझाच पैसा आहे, उशिरा मिळेल एवढंच, आणि कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात हेही माहीत असू दे. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत साधारण ५ वर्षं टिकलीस तरच, तीन वर्षांनी पुण्याला गेलीस तर पॅकेजमध्ये दाखवलेला तो पैसा तुला कधीच मिळत नाही. फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, घेत असतील तर नव्या कायद्यात एका वर्षावर आणलंय, म्हणून लेटरमध्ये नेमणूक कुठल्या प्रकारची आहे ते वाच. सगळ्यात कच्चा भाग व्हेरिएबलचा. तो तुझ्या कामावर आहे की कंपनीच्या नफ्यावर, मागच्या बॅचला किती टक्के मिळाला, आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर त्याचं काय, हे तीन प्रश्न एचआरला सरळ विचार. विचारलं म्हणून ऑफर काढून घेत नाहीत. आणि घरी आजच खरा आकडा सांगून टाक, पहिला पगार आल्यावर सांगण्यापेक्षा बरं.

प्रश्न : बीबीए लास्ट इयर, नाशिकरोड. प्रोजेक्टला पगार हा विषय घेतला. सातपूर, अंबडला दोन-तीन कंपन्यांत जाऊन आलो, कुणी पगाराचा डेटा देत नाही. विषय बदलू का सर/मॅडम?

नको बदलूस रे. कंपनी पगाराचा डेटा बाहेरच्या पोराला देणार नाही, ते बरोबरच आहे, ती लोकांची खाजगी माहिती आहे. पण डेटा नाही म्हणून गुगल फॉर्मवर वीस मित्रांना 'तुम्ही पगारावर समाधानी आहात का' विचारून पाय चार्ट काढू नकोस, त्यातून कुणालाच काही कळत नाही.

त्याऐवजी हे कर. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसं मोजायचं ते ठरवून दिलंय. कुटुंबाचा खर्च युनिटमध्ये मोजायचा : कमावणारा १ युनिट, बायको ०.८, दोन मुलं ०.६ ची, मिळून ३ युनिट. प्रत्येक युनिटला रोज २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड म्हणजे साधारण ६६ मीटर कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेला एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेप्टाकोस ब्रेटच्या केसमध्ये मुलांचं शिक्षण, दवाखाना, सणवार, म्हातारपण, लग्न यासाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. आता तू वही घेऊन रविवार कारंजावर जा, भाजीचे भाव पंचवटीत घे, तांदूळ-डाळ-तेल-भाजी-दूध यांचं कॅलरीप्रमाणे माप लाव. सिडकोत आणि सातपूर कॉलनीत एका खोलीचं भाडं काय ते दहा घरं फिरून विचार. बेरीज कर. मग राज्य सरकारचा किमान वेतनाचा तक्ता काढ, त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे गट आणि परिमंडळं असतात, आणि दर सहा महिन्यांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता बदलतो, तो धरायला विसरू नकोस. तुझी बेरीज आणि सरकारचा आकडा शेजारी शेजारी ठेव. जो फरक येईल तो तुझा प्रोजेक्ट. बाईला ०.८ का धरलं यावर व्हायव्हात प्रश्न आला पाहिजे, नाही आला तर तूच काढ तो विषय.

अजून खोलात जायचं असेल तर पेपरमध्ये अधूनमधून बातमी येते, अमुक कंपनीत युनियनचं अ‍ॅग्रीमेंट झालं, इतक्या हजारांची वाढ, खाली गुलालातला ग्रुप फोटो. त्या बातम्या जमव आणि प्रत्येकीत हे शोध : वाढीतलं बेसिकमध्ये किती गेलं आणि भत्त्यात किती, तीन वर्षांत कशी विभागली, आणि बदल्यात उत्पादन किती वाढवून द्यायचं कबूल केलं. बेसिकमध्ये गेलेला रुपया ग्रॅच्युइटीतही मोजला जातो, भत्त्यातला बऱ्याचदा नाही. युनियनचे पदाधिकारी चहा पिता पिता हे खूप छान समजावून सांगतात, माझा अनुभव आहे, त्यांच्याकडे जायला पोरं उगाच बिचकतात.

प्रश्न : पुस्तकात किमान वेतन कायदा १९४८ वगैरे आहे, सर म्हणतात नवा कोड लिहा. पेपरात काय लिहू?

दोन्ही, पण क्रमाने. वेतन अदायगी कायदा १९३६, किमान वेतन १९४८, बोनस १९६५ आणि समान वेतन १९७६, हे चार एकत्र करून वेतन संहिता २०१९ झाली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यातली वेतनाची नवी व्याख्या नीट समजून घे : घरभाडं, प्रवास असे वगळलेले भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. बेसिक मुद्दाम छोटं ठेवून बाकी सगळं भत्त्यात टाकायची जी पद्धत पडली होती तिला हा अटकाव आहे. आणि नोकरी सोडली किंवा काढलं तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत, हेही लिही, परीक्षकाला आवडेल आणि पुढे तुलाही उपयोगी पडेल.

प्रश्न : नमस्कार. मी पाथर्डी फाट्याला राहतो, कंपनीत क्वालिटीला आहे, मुक्त विद्यापीठातून एचआरचा डिप्लोमा करतोय. ६ वर्षांपूर्वी १८ हजारांवर लागलो, दरवर्षी ८ टक्के वाढ मिळते, आज साडेअठ्ठावीस. परवा नवीन मुलगा २७ वर घेतला आणि त्याला काम मीच शिकवतोय. याला अभ्यासात काही नाव आहे का, आणि मी बोलू का?

नाव आहे, सॅलरी कॉम्प्रेशन. तुमचा पगार टक्क्यांनी चालतो आणि नव्याचा बाजारभावाने. ज्या काळात बाजार ८ टक्क्यांपेक्षा वेगाने वर जातो त्या काळात जुना माणूस मागे पडतो, कुणी मुद्दाम केलं नसलं तरी. तुम्हाला जे टोचतंय ते अ‍ॅडम्सच्या इक्विटी थिअरीत आहे : माणूस रक्कम बघत नाही, मी काय घातलं आणि मला काय मिळालं याचं प्रमाण शेजारच्याशी ताडून बघतो. तुमची भावना अगदी रास्त आहे.

जरूर बोला, पण त्या मुलाचा पगार मध्ये आणू नका, त्याची काही चूक नाही आणि चर्चा तिथेच घसरते. तुमच्या ग्रेडची पगाराची रेंज काय आणि तिच्या मध्याच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते विचारा, याला कॉम्पा-रेशो म्हणतात. समजा मध्य ३४ हजार निघाला तर तुम्ही ०.८४ वर आहात, आणि सहा वर्षं अनुभवाचा, नव्यांना शिकवणारा माणूस मध्याच्या इतका खाली का, याचं उत्तर साहेबांना द्यावं लागेल. वार्षिक वाढीतून हे भरून निघणार नाही, म्हणून 'करेक्शन' हा शब्द वापरून वेगळी मागणी करा. ती अप्रायझलच्या महिना-दोन महिने आधी करा, बजेट ठरून गेल्यावर मॅनेजरच्याही हातात काही राहत नाही. नवीन लोकांना शिकवता ते कुठे लिहिलेलं नसेल तर जॉब डिस्क्रिप्शनमध्ये घालून घ्या. जॉब इव्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे कामाचं मोल ठरवताना, कागदावर असलेल्या कामालाच पॉइंट मिळतात.

प्रश्न : मुलगा एचआरमध्ये हाच विषय घेऊन शिकतोय. नाशिकमध्ये नोकरी मिळेल का हो? (एक आई, इंदिरानगर)

मिळेल ताई, सुरुवात बहुधा पेरोलपासून, म्हणजे पगाराचे हिशेब करण्यापासून होईल, एखाद्या कंपनीत किंवा लेबर लॉ कन्सल्टंटकडे. पहिला पगार कमी असेल पण तिथे दोन वर्षं टिकला तर हात बसतो, आणि मग पुढे पगाररचना ठरवणाऱ्या कामाकडे जाता येतं. त्याला एक्सेल पक्कं करायला सांगा, आणि घरात कुणाची तरी जुनी पगाराची स्लिप देऊन एकेका ओळीचा हिशेब करून दाखव म्हणा. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) २१ हजारांपर्यंतच का आणि कामगाराचे ०.७५ टक्के कशावर कापले, प्रोफेशनल टॅक्स अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० का (वर्षाचे २,५०० पूर्ण करायचे असतात म्हणून), महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईच्या स्लिपवर तो का नाही, मुलाखतीत असेच साधे प्रश्न विचारतात.