मुलगी साडेसोळाची, ऑपरेशनला वडिलांची हरकत: सही कोणाची?

प्रश्न : माझ्या मुलीचं वजन ११८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४४. मधुमेह सुरू झालाय, झोपेत श्वास अडकतो. डॉक्टरांनी वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं, स्लीव्हचं ऑपरेशन सुचवलंय. नवरा चार वर्षं वेगळा राहतो, पोरीची चौकशी नाही, खर्च देत नाही. पण हॉस्पिटलला त्यानं लेखी हरकत पाठवली. हॉस्पिटल दोघांच्या सह्या मागतंय, शिवाय 'काही झालं तर तक्रार करणार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या म्हणतंय. मेडिक्लेमवाल्यांनी नकार दिला. मी एकटीनं सही केली तर चालेल का? (एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात नवरा आहे, हॉस्पिटल आहे, मेडिक्लेम आहे. मुलीला स्वतःला हे ऑपरेशन हवंय का, ते मात्र कुठंच नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर न्यायाधीश ते विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

१८ वर्षं पूर्ण होईपर्यंत पालकाची सही लागते. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा वडिलांना पहिलं स्थान देतो. पण वडील मुलाकडे बघतच नसतील आणि सगळा सांभाळ आईच करत असेल, तर वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असं सुप्रीम कोर्टानं गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये सांगितलंय. नवरा नुसता गप्प असता, तर तुमची सही पुरली असती. लेखी हरकत आल्यावर हॉस्पिटल कचरणारच, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. हे तातडीचं ऑपरेशन नव्हे.

तेव्हा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कौटुंबिक न्यायालयात अर्ज करा आणि त्यात या उपचाराची परवानगी स्पष्ट मागा. कोर्ट मुलीचं हित बघतं. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घेण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे.

म्हणून आधी तिला डॉक्टरांसमोर एकटीला बसू द्या. जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग कायमचा काढला जातो, तो परत जोडता येत नाही. पुढं जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या. धोके काय, दुसरे उपाय कोणते आणि ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हे सांगून घेतलेली संमतीच खरी, असं सुप्रीम कोर्टानं समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये म्हटलंय. तो खटला प्रौढ रुग्णाचा होता, तरी हे सगळं तुमच्या लेकीला कळायलाच हवं. वय लहान म्हणून दार बंद होत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२३ मध्ये तीव्र लठ्ठपणा असलेल्या १३ वर्षांपुढच्या मुलांनाही या शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी पाठवावं असं सुचवलंय. पण घरात कोणी 'लग्नाला बारीक दिसेल' म्हणून घाई करत असेल, तर ताई, स्पष्ट सांगते, ते कारण घेऊन कोर्टात जाऊ नका.

स्टॅम्पपेपरवर सही करू नका. निष्काळजीपणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क असा लिहून काढून घेता येत नाही. करार कायद्याचं कलम २८ बघा. तशी वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. त्याऐवजी मराठीतलं संमतीपत्र मागा आणि घरी आणून मुलीसोबत वाचा.

मेडिक्लेमचा नकार मात्र नियमात बसतो. विमा नियामकाच्या ठरावीक अटीनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला वय १८ पूर्ण हवं, बीएमआय ४० हवा (गंभीर आजार असेल तर ३५), आणि साधे उपाय करून झालेले हवेत. बाकी सगळं बसलं तरी वयावर अडतं. त्यावर भांडण्यात पैसा घालवू नका. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर तिच्या अटी तेवढ्या वेगळ्या तपासा.

मग दीड वर्ष थांबायचं का? हे विमा ठरवणार नाही, मीही नाही. थांबल्यानं मुलीचं काय नुकसान होईल, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. कोर्टातही तोच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडेल. मागचे रिपोर्टही लेखी अर्ज देऊन मागा. ते ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हे सगळं जोडून अर्ज दाखल करा, ऑपरेशनची तारीख नंतर घ्या.