पावत्यांची फाईल आणि दोरीचा तुकडा

"मी खरं बोलतोय, तरी माझ्यावर कुणी विश्वास का ठेवत नाही?" हे विचारत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक जण पुरावे घेऊनच येतात. कुणाकडे जपून ठेवलेले मेसेज, कुणाकडे बँकेचं पासबुक. पन्नाशीच्या या गृहस्थांकडे (तपशील अर्थातच बदललेत) जाडजूड फाईल होती. वडिलांच्या आजारपणाचा खर्च त्यांनी सांभाळला, त्यात पैसे लाटले असा धाकट्या भावाचा संशय. वर 'दादा पहिल्यापासूनच आपमतलबी' हा शेरा.

तीन भेटी आम्ही पावत्याच चाळल्या. चूक माझीच, मी काही हिशेबनीस नव्हे.

चौथ्या भेटीत मी त्यांना फ्रेंच कथाकार मोपासाँची १८८३ सालची 'दोरीचा तुकडा' ही कथा सांगितली. नॉर्मंडीतल्या गोदरव्हिलमध्ये बाजाराच्या दिवशी ओशकोर्न हा काटकसरी शेतकरी चिखलात पडलेला दोरीचा तुकडा उचलतो. जुना वैरी मालांदँ आपल्याला बघतोय हे लक्षात येताच तो दोरी घाईने सदऱ्याखाली, मग खिशात दडवतो. शिवाय काहीतरी शोधत असल्याचं सोंग करतो. त्याच दिवशी कुणाचं तरी पाकीट हरवतं, आत ५०० फ्रँक. मालांदँ ओशकोर्नचं नाव घेतो. पुढे पाकीट सापडतं, तरी लोक म्हणतात, यानेच साथीदाराकरवी परत केलं. ओशकोर्न भेटेल त्याला दोरीची कहाणी ऐकवत सुटतो, खंगतो आणि मरतानाही तेच बरळतो.

"बघा! निर्दोष माणूस हकनाक गेला," गृहस्थ उसळले.

"पण त्याने दोरी लपवली का?"

"लाज वाटली. चिक्कू म्हणतील म्हणून."

"आणि तुम्ही काय लपवलंत?"

बराच वेळ ते फाईलचा बंद गुंडाळत राहिले. मीही बोललो नाही. (अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, एवढं स्वतःबद्दल म्हणेन.) मग म्हणाले, "एका रात्री दवाखान्यात माझी पाळी होती. ऑफिसचं काम निघालं असं सांगून भावाला बसवलं. काम कसलं? घरी जाऊन झोपलो. पार थकलो होतो."

या रात्रीची पावती फाईलमध्ये नव्हती.

मोपासाँ स्पष्टच लिहितो की लोक म्हणतात तसली लबाडी ओशकोर्नला जमण्यासारखी होती. म्हणून तर खोटा आरोपही त्याला इतका झोंबतो. गृहस्थांचं तेच झालं होतं. न केलेल्या गोष्टीचे पुरावे ते गोळा करत होते आणि सल होता तो केलेल्या गोष्टीचा. दमलेल्या माणसाने झोप घेणं हा स्वार्थ नाही. त्यासाठी थाप मारली की मात्र तो स्वार्थासारखा दिसतो, आणि घरच्यांना थाप कळत नसली तरी तिचा वास येतोच.

'असंच झालं पाहिजे' या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं सांगणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा भर असतो, त्यामुळे मी आधी भाषेकडे वळलो. 'भावाने विश्वास ठेवलाच पाहिजे' यातला 'च' काढायला लावला. ठेवला तर बरं वाटेल, एवढंच म्हणायचं. हिशेब एकदाच, लेखी द्यायचा. त्याने न विचारता पुन्हा नाही. त्या रात्रीचं मात्र सांगून टाकायचं, 'मी दमलो होतो'च्या पुढे कारणं न जोडता.

पुढच्या वेळी ते रिकाम्या हाताने आले. भाऊ ऐकून गप्पच राहिला होता म्हणे. चार दिवसांनी त्याने फोनवर एवढंच विचारलं, "मग झोप तरी लागली का रे दादा?"

हिशेबाबद्दल तो अजून काही बोललेला नाही.