ईमेल असताना कंपन्या आणि रुग्णालयं अजूनही फॅक्स का वापरतात?

तुमचा प्रश्न असा की, नव्या नोकरीत रुग्णालयांना आणि विमा कंपन्यांना कागदपत्रं पाठवावी लागतात, ईमेल करतो म्हटलं तर समोरचे नको म्हणतात आणि फॅक्स नंबर देतात; हा नुसता जुनाटपणा आहे की त्यामागे खरंच काही कारण आहे? कारण आहे. फक्त लोक जे कारण सांगतात, ते बहुतेक वेळा खरं नसतं. कार्यालयांच्या फोन आणि फॅक्स लाइन सांभाळणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते फॅक्स टिकला तो पोच मिळते म्हणून. फॅक्स गेला की यंत्रातून एक रिपोर्ट निघतो: कोणता नंबर, तारीख, वेळ, किती पानं, किती मिनिटं आणि शेवटी 'ओके'. बऱ्याच यंत्रांवर पहिल्या पानाची छोटी प्रतही त्यावरच छापून येते. हा कागद फाइलला लागतो. उद्या कोणी म्हणालं की तुमचा अर्ज मुदतीत आलाच नाही, तर हाच कागद पुढे करतात.

हा 'ओके' तुमचं यंत्र मनाने छापत नाही. तुमचं यंत्र नंबर लावून ११०० हर्ट्झचा सूर ऐकवत राहतं, समोरचं यंत्र २१०० हर्ट्झच्या सुराने उत्तर देतं. मग आपल्याला काय काय जमतं ते दोघं एकमेकांना सांगतात. तुमचं यंत्र एक चाचणी संदेश पाठवतं. तो नीट पोहोचला नाही तर वेग सेकंदाला १४,४०० बिटवरून १२,०००, मग ९,६०० असा खाली येतो. पान गेल्यावर ते मिळाल्याचं समोरच्या यंत्राने त्याच कॉलमध्ये सांगावं लागतं, तेव्हाच 'ओके' उमटतो. साध्या ईमेलमध्ये असं काही नसतं. पत्र तुमच्या सर्व्हरवरून निघालं इतकंच कळतं. पुढे ते स्पॅममध्ये पडलं की मोठ्या जोडपत्रामुळे अडकलं, ते बऱ्याचदा समजतच नाही.

दुसरं कारण म्हणजे कोणालाही कोणाशीही जोडता येणं. १९८० साली 'ग्रुप ३' हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. ए-४ पानाची एक आडवी ओळ म्हणजे १,७२८ ठिपके, काळे-पांढरे ठिपके कसे आवळायचे (कमी माहितीत बसवायचे), संभाषण कोणत्या क्रमाने करायचं, सगळं त्यात बांधून दिलं. म्हणून आजचं यंत्र तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रालाही पान पाठवू शकतं. खातं उघडायला नको, पासवर्ड नको, दोन्हीकडे एकच सॉफ्टवेअर असायला नको. अमेरिकेत २००९च्या कायद्यानंतर सरकारी पैशाच्या जोरावर रुग्णांच्या नोंदी झपाट्याने संगणकावर आल्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलत नव्हती. मग एका रुग्णालयाच्या संगणकातली नोंद छापून, फॅक्स करून, दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा स्कॅन करायची पद्धत रुळली. तिथल्या गोपनीयतेच्या नियमांत योग्य काळजी घेऊन केलेला फॅक्स चालतो, हेही त्याला धरून राहण्याचं मोठं कारण.

आता 'फॅक्स सुरक्षित असतो' या दाव्याबद्दल. तो मला पटत नाही, आणि रुग्णांचे कागद हाताळणाऱ्यांनी तर त्यावर अजिबात विसंबू नये असं मला मनापासून वाटतं. साध्या फॅक्समध्ये मजकूर कूटबद्ध होत नाही. चोरून ऐकायला टेलिफोनची तार गाठावी लागते, हे खरं. पण गोपनीयता भंग होते ती बहुधा तारेवर नाही, ट्रेमध्ये. नंबरातला एक आकडा चुकला आणि तिथेही फॅक्स असला, तर कोणाच्या तरी कर्करोगाचा अहवाल भलत्याच कार्यालयात छापला जातो आणि तुमच्या रिपोर्टवर 'ओके'च येतो. बरोबर नंबरवर गेलेला कागदही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा तासन्‌तास पडून राहू शकतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काही साध्या कागदावर छापणाऱ्या यंत्रांत शाईच्या फिल्मचा रोल असतो. अक्षराचा जो भाग कागदावर उतरतो, तेवढी शाई फिल्मवरून निघून जाते. वापरलेला रोल उलगडून उजेडासमोर धरा: नावं, जन्मतारखा, औषधं, सह्या, पानामागून पान स्पष्ट वाचता येतं. यंत्र भंगारात देताना हा रोल आतच राहिलेला मी पाहिला आहे. तो काढून नष्ट केल्याशिवाय मी यंत्र कोणाच्या हाती देत नाही. २०१८ मध्ये तर चेक पॉइंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी, केवळ फॅक्स नंबर माहीत असताना, फॅक्सच्या लाइनवरून एचपीच्या ऑल-इन-वन प्रिंटरचा ताबा घेऊन दाखवला होता. एचपीने ती त्रुटी दुरुस्त केली, पण प्रिंटर एकाच वेळी फोनलाइनला आणि कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेला असेल तर हा धोका लक्षात ठेवायला हवा.

फॅक्स बंद करायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१८ साली जवळपास ९,००० यंत्रं आढळली. जानेवारी २०१९ पासून नवी खरेदी बंद आणि ३१ मार्च २०२० पर्यंत वापर बंद, असा आदेश निघाला. जपानमध्ये मंत्री तारो कोनो यांनी २०२१ मध्ये सरकारी खात्यांतून फॅक्स हटवायचं ठरवलं, तर शेकडो हरकती आल्या आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच देशात कोरोनाच्या सुरुवातीला डॉक्टर रुग्णांची माहिती हाताने फॉर्मवर भरून फॅक्सने पाठवत आणि आरोग्य केंद्रांतले लोक ती पुन्हा संगणकात भरत बसत. साथ वाढत असताना असं दुहेरी काम करावं लागणं मला आजही अस्वस्थ करतं.

तुमच्या समोरच्या कार्यालयात कदाचित यंत्र नसेलही. बरेच फॅक्स आता सर्व्हरवर पीडीएफ होऊन थेट कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडतात. आणि तांब्याच्या तारा बंद होत चालल्याने फॅक्सही इंटरनेटवरच्या फोनलाइनवरून जातो. अर्धवट पानं आणि मध्येच तुटणारे कॉल यांचं मूळ बहुधा इथे असतं: या लाइन बोलण्यासाठी जुळवलेल्या असतात. इंटरनेटवर आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जातो; एखादं पॅकेट हरवलं तर माणसाचं बोलणं कळतं, फॅक्सचा मात्र घोटाळा होतो. तुमच्याकडे तसं होत असेल तर फोनसेवा देणाऱ्याला टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची खास पद्धत, चालू करायला सांगा. ते जमत नसेल तर आवाज न आवळता नेणारी जी.७११ ही पद्धत ठेवायला सांगा आणि यंत्राचा वेग ९,६०० वर आणा. एरर करेक्शन (चुकलेला भाग पुन्हा मागवण्याची यंत्रातली सोय) चालूच राहू द्या.

रोजच्या कामासाठी एवढं करा. नेहमीचे नंबर यंत्रात साठवा, हाताने लावू नका. नव्या नंबरावर आधी रुग्णाचं नाव नसलेलं एक पान पाठवून फोनवर खात्री करा. मुखपृष्ठावर आजार किंवा नाव लिहू नका. महत्त्वाचा कागद असेल तर 'ओके'वर न थांबता तो कोणाच्या हातात पडला ते विचारा, कारण 'ओके' म्हणजे यंत्राला मिळाला, माणसाने वाचला असं नाही. ज्या संस्थेशी रोजचा व्यवहार आहे, तिच्याकडे सुरक्षित पोर्टल आहे का ते एकदा विचाराच. विचारताना कागद मिळाल्याची तारीख-वेळेसह लेखी पोच त्यातून मिळते का, हेही पाहा. ती मिळत नसेल तर तुमची फाइल सांभाळणारे लोक फॅक्स सोडायला तयार होणार नाहीत.