खाणीच्या टिप्परचा टर्बो जिप्सीला चालेल का?

प्रश्न: दादा, मी डिचोलीचा. खाणी बंद पडल्यापासून उभे असलेले टिप्पर आमच्याकडे आता भंगारात जातायत, त्यातल्या एकाचा टर्बो स्वस्तात मिळतोय. 5.9 लिटर, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं त्याचं. मी जुन्या जिप्सीचं 1.3 पेट्रोल इंजिन घरीच बिल्ड करतोय, तर हा लावू का? मित्र म्हणतो स्विफ्ट डिझेलचा घे. टिप्परवाल्याचा शाफ्ट हाताने फिरतो.
— एक वाचक, डिचोली

उत्तर: बसेल रे, फ्लँज (जोडायची पट्टी) बनवून घेतली की काहीही बसतं, पण तो चालणार नाही. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, तेव्हा आधी हवेचा हिशोब कर, बाकी सगळं नंतर. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या सीसीएवढी हवा ओढतं. म्हणजे 5.9 लिटरचं इंजिन 2500 आरपीएमला मिनिटाला साधारण 7400 लिटर, आणि तुझं 1.3 पूर्ण 6000 ला नेलंस तरी 3900. चढणीला 3000 वर चालवशील तेव्हा तर 1950 च, टिप्परच्या पाव भाग, तेवढ्या एक्झॉस्टवर तो जड टर्बाइन (एक्झॉस्टने फिरणारं चाक) जागाच होत नाही.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्विफ्टचं 1248 सीसी डिझेल 4000 ला 2500 लिटर ओढतं, तुझं पेट्रोल इंजिन तेवढं 4000 च्या आतच ओढायला लागेल, त्याच्या वर छोटा टर्बाइन एक्झॉस्ट अडवून धरतो, उष्णता वाढते आणि नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून बसणारे ठोके) सुरू होतं. रानात 4500 च्या वर जाणारच नसशील तर चालेल. पण मला विचारशील तर दीड ते दोन लिटरच्या डिझेल कारचा साध्या वेस्टगेटवाला (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनच्या बाजूने सोडून देणारी झडप असलेला) टर्बो शोध. व्हेरिएबल व्हेनवाला (एक्झॉस्टची वाट लहान-मोठी करणाऱ्या हलत्या पट्ट्यांचा) नको, 1.3 मल्टीजेटमध्येही (म्हणजे स्विफ्ट डिझेलच्याच इंजिनात) 75 पीएसला साधा येतो आणि 90 पीएसला व्हेरिएबल, तेव्हा भंगारात नीट बघून घे. डिझेलचा एक्झॉस्ट फुल लोडला 700-800 डिग्रीच्या आसपास असतो, पेट्रोलचा 900 च्या पुढे जातो, त्यात त्या बारीक व्हेन अडकतात. पोर्शेने 2006 मध्ये पेट्रोल 911 टर्बोला व्हेरिएबल बसवला तो खास उष्णता सोसणारे धातू वापरून, ते आपल्या लेथवर होणारं काम नाही. साध्या डिझेल टर्बोची हाउसिंगसुद्धा या उष्णतेत तडकू शकते, म्हणून बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) कमी ठेव आणि मिक्स्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, होऊ देऊ नकोस.

शाफ्ट हाताने फिरतो यावर जाऊ नकोस. शाफ्ट आत-बाहेर ओढून बघ, हाताला हलल्यासारखं लागलं तर सोडून दे, आडवा किंचित प्ले मात्र चालतो कारण तेल भरल्यावर तो तेलावरच तरंगतो. मग टॉर्च लावून कंप्रेसरची, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाची, पाती बघ. खाणपट्ट्यातल्या टर्बोंची पाती मी पाहिलीयत, लाल धूळ खाऊन खाऊन पुढची धार बोथट, गोलसर झालेली, बोट फिरवलं की लगेच कळतं. छोटे टर्बो 2 लाख आरपीएमच्या आसपास फिरतात, तिथे असं पातं म्हणजे बॅलन्स गेलाच.

आता वेस्टगेट. डिझेलचा अ‍ॅक्च्युएटर (वेस्टगेट उघडणारा स्प्रिंगचा डबा) बऱ्याचदा 1 बारच्या आसपास उघडतो, आणि तुझ्या स्टॉक पिस्टनला मी सुरुवातीला 0.4 बारच्या वर देणार नाही. बूस्ट कंट्रोलर बूस्ट वाढवतो, स्प्रिंगच्या खाली आणू शकत नाही, तेव्हा हलक्या स्प्रिंगचा अ‍ॅक्च्युएटर लागेलच. हे न करता गाडी काढली की पिस्टनला भोक. डिझेलला बहुतेक थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतं म्हणून त्याला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (अडकलेली हवा सोडून देणारी झडप) लागत नाही, तुला लागेल, नाहीतर पाय काढल्यावर दाबलेली हवा उलटी पात्यांवर येते.

तेलाचं शेवटी सांगतो पण सगळ्यात जास्त टर्बो यातच जातात. माझ्या पहिल्या बिल्डला निळा धूर यायचा, ऐन पावसात फोंड्यातल्या गॅरेजमध्ये दोनदा टर्बो उतरवला, सील बदलली, तरी धूर तसाच. शेवटी कळलं की रिटर्न पाइप खाली जाऊन परत थोडा वर चढत होता. तेल टर्बोतून फेसाळून बाहेर येतं आणि फक्त उताराने खाली जातं, त्याला ढकलणारं काही नसतं, तेव्हा पाइप जाड, सरळ खाली, आणि सम्पमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर जोडायचा. तो एक पाइप बदलला आणि धूर बंद!

प्रश्न: मग ही गाडी रस्त्यावर चालवता येईल का?
— तोच वाचक

उत्तर: नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेर बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. अपघात झाला तर क्लेमही अडकेल. ट्रॅकवर किंवा खासगी जागेतच चालव, तिथपर्यंत ट्रेलरवर ने. आणि पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर मार, रिटर्न पाइपातून तेल येताना दिसलं की मगच कनेक्टर परत लाव.