लून पक्ष्याच्या जाती किती आणि त्यांना नावं कोणती?

पाचच जाती आहेत, सगळ्या गाव्हिया या एकाच प्रजातीतल्या. गोंधळ होतो तो नावांमुळे. उत्तर अमेरिकेत ज्याला लून म्हणतात, त्यालाच ब्रिटनमध्ये डायव्हर, म्हणजे बुडी मारणारा, म्हणतात.

सगळ्यात प्रसिद्ध कॉमन लून. ब्रिटनमध्ये तोच ग्रेट नॉर्दर्न डायव्हर. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून हाच आहे, म्हणून त्या नाण्याला लोक लूनी म्हणतात. उन्हाळ्यात काळंभोर डोकं, पाठीवर पांढऱ्या चौकटी आणि लालभडक डोळा; एकदा नीट पाहिला की विसरणं अशक्य! त्याच्यासारखाच पण थोडा मोठा, फिकट पिवळसर चोचीचा तो यलो-बिल्ड लून, ब्रिटनमध्ये व्हाइट-बिल्ड डायव्हर. एकाच चोचीला एकीकडे पिवळी म्हणतात, दुसरीकडे पांढरी.

आर्क्टिक लून म्हणजेच ब्लॅक-थ्रोटेड डायव्हर. पॅसिफिक लून पूर्वी याचीच उपजाती मानली जायची, आता ती स्वतंत्र जात आहे. जुनं पुस्तक वापरत असाल तर हे लक्षात ठेवा.

पाचवा रेड-थ्रोटेड, सगळ्यात लहान. चोच बारीक, टोकाकडे किंचित वर वळलेली. बाकीच्यांना उडण्याआधी पाण्यावर लांबवर धावावं लागतं, हा मात्र छोट्याशा तळ्यातूनही उठतो. हिवाळ्यात गळ्याचा लाल रंग जातो, त्यामुळे तेव्हा ओळखायचा असेल तर चोचच बघा.