बाळंतपण माहेरी, नोकरी म्युनिकला

"बाळंतपणाला माहेरी आले, तर तिकडचे पैसे बुडतील का? आणि इथे टॅक्स बसेल का?" खानदेशच्या मुली पुण्यामार्गे जर्मनीला पोचू लागल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्यातलंच एक कुटुंब. ओळखू येऊ नये इतपत तपशील बदललेत.

मुलगी शिरपूरकडची, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, म्युनिकला इंजिनिअर, नवराही तिथेच. बाळंतपणाची तारीख फेब्रुवारीची. ती व्हिडिओ कॉलवर, माझ्यासमोर आई-वडील. आईंचं पहिलंच वाक्य, "मनी पोर तठे एकली कशी राही?" वडिलांना वेगळीच धास्ती. चार महिने इथे राहिली की तिकडचा पगारही इथे करपात्र, असं कोणीतरी डोक्यात भरवलेलं.

ते भूत आधी उतरवलं. कॅलेंडर देऊन दिवस मोजायला त्यांनाच बसवलं. परदेशात राहणारा भारतीय नागरिक भेटीला आला, तर आर्थिक वर्षात 182 दिवसांच्या आत तो अनिवासीच राहतो, म्हणजे तिकडच्या पगारावर इथे कर नाही. 120 दिवसांची अट इथलं उत्पन्न 15 लाखांवर असणाऱ्यांना. हिचं इथलं उत्पन्न म्हणजे एका एफडीचं व्याज! शिवाय डिसेंबर ते मे राहिली तरी 31 मार्चला वर्ष संपतं, मोजणी नव्याने सुरू. पेन्सिल ठेवत वडील म्हणाले, "मग अडचण काय?"

अडचण तिकडची होती. जर्मनीत बाळंतपणाआधी 6 आणि नंतर 8 आठवडे हातात येणाऱ्या पगाराएवढे पैसे मिळतात. दिवसाला 13 युरोपर्यंत सरकारी आरोग्य विमा देतो, वरचे कंपनी. पण त्या विम्यातून शिरपूरच्या दवाखान्याचं बिल निघत नाही. पुढचं एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळ सांभाळायला घरी राहणाऱ्या आईबापाला मिळणारा सरकारी भत्ता, निव्वळ पगाराच्या साधारण 65 टक्के, महिन्याला फार तर 1800 युरो, हे जर्मनीत घर करून बाळासोबत राहणाऱ्यालाच. बाळ इथे जन्मलं तर आधी त्याचा पासपोर्ट, मग व्हिसा; तो कधी हातात पडेल हे कोणी लिहून देत नाही. एल्टर्नगेल्डचा अर्ज लांबला तर मागचे 3 महिनेच धरतात.

मी स्पष्टच सांगितलं, या वेळी माहेरच तिकडे न्या. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या भेटीच्या व्हिसावर, आईंना 90 दिवस राहता येतं, 30,000 युरोंचा प्रवास विमा मात्र लागतो. आई जरा वेळ गप्प. मग, "डिंकाचे लाडू नेऊ देतीन का?" तूप दुधाच्या पदार्थांत मोडतं आणि ते युरोपात नेता येत नाहीत. डिंक, खारीक न्या, लाडू तिथेच वळा, लोणी तिकडे भरपूर मिळतं.

जावईबापूंना एकच गोष्ट बजावली. एल्टर्नगेल्डवर कर नाही, पण ते उरलेल्या उत्पन्नाच्या कराचा दर वाढवतं, आणि असे पैसे वर्षात 410 युरोंवर गेले की रिटर्न भरावंच लागतं. दोघांचं रिटर्न एकत्र भरलं तर वाढीव दर त्यांच्याही पगाराला लागतो, आणि त्या कराची मागणी पुढच्या वर्षी येते, बायको रजेवर आणि घरात एकच पगार असताना. आत्तापासून दर महिन्याला थोडे बाजूला काढा म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथे बँकेचं ॲप उघडलं.