शाळेच्या मैदानावर दिव्यांसह टर्फ करायचं तर महापालिकेची परवानगी लागते का?

तुमचा प्रश्न असा आहे की बडोद्यात शाळेच्या मागच्या मैदानावर आर्टिफिशियल टर्फ आणि फ्लडलाइट लावायचे आहेत, 'बांधकाम काहीच नाही', मग परवानगी कशाला, आणि लागलीच तर किती दिवस जातात.

हे 'बांधकाम काहीच नाही' मी एकदा मीटिंगमध्ये ऐकलंय आणि त्याला मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. म्हणून लिहायला बसलो.

लागते. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यातली 'विकासा'ची व्याख्या वाचा. इमारत तर त्यात आहेच, पण जमिनीवरचं-जमिनीखालचं इंजिनिअरिंगचं काम आहे आणि जमिनीचा वापर बदलणंही आहे. तुम्ही फूटभर माती उकरणार, खडी दाबणार, खांबांचे पाये घालणार, वर तीस फुटी जाळी ताणणार. हे काम नाही तर काय आहे? आणि संध्याकाळी बाहेरच्या पोरांना तासावर भाड्याने देणार असाल (देणारच आहात, शाळा पाचला सुटते, दिवे कोणासाठी?) तर वापरही बदलला. तेव्हा चांगला इंजिनिअर धरा, नकाशा काढा, ऑनलाइन अर्ज करा, रजाचिठ्ठी (म्हणजे महापालिकेची बांधकाम परवानगी) घ्या. खांबांच्या पायांना स्ट्रक्चरलवाल्याची सही घ्याच. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि दोन वर्षांत खांब नमस्कार करायला लागतो.

पण रजाचिठ्ठी हा सोपा भाग. आम्हालाही मिळाली होती. त्रास सुरू झाला तो रजाचिठ्ठीत नसलेल्या गोष्टीने.

मी सिव्हिल इंजिनिअर, आता निवृत्त. शाळा माझीच, म्हणजे मी तिथला विद्यार्थी, म्हणून ट्रस्टने फुकटचा सल्लागार म्हणून बोलावलं. कारेलीबागेत आमच्या दादाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी थेट त्या मैदानावर उघडते. दादाचा टर्फला पहिल्यापासून विरोध. त्याची सगळी मांडणी दोनच मुद्द्यांवर. एक, माणिकरावांनी दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात पोरं घडवली ती मातीत. दुसरा, 1947 च्या रणजी फायनलला इथेच बडोद्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध 577 धावांची भागी केली, 'तेव्हा दिवे कोणी लावले होते रे?' ह्याला उत्तर देता येत नाही. म्हणजे देता येतं, पण जेवणाच्या ताटावर पुढचा एक तास जातो.

वहिनींनी मात्र एकच विचारलं होतं, "भाऊजी, उजेड घरात नाही ना येणार?" मी म्हणालो, "काडीचा नाही, वहिनी. दिवे मैदानाकडे तोंड करून असतात."

सहा खांब, प्रत्येकावर 400 वॅटचे दोन एलईडी, एकूण 4.8 किलोवॅट. उद्घाटन झालं, पेढे वाटले, पोरांनी पहिल्याच ओव्हरला चेंडू जाळीच्या पाइपावर आपटला. तो 'टण्ण' आवाज लक्षात ठेवा, पुढे येईल. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी वहिनींचा फोन. "या जरा. चपला घालून या, दहा मिनिटांचं काम आहे."

गेलो. गॅलरीतला दिवा बंद, खोलीतला बंद, वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या, हातात पंचांग. पंचांगाची छपाई केवढी बारीक असते ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी चष्मा सारखा केला आणि त्या दिव्याशिवाय वाचायला लागल्या. "उद्या संकष्टी. चंद्रोदय नऊ वाजून..." सगळं नीट, मिनिटांसकट, कुठे अडखळल्या नाहीत. मग पंचांग मिटून म्हणाल्या, "वेळ वाचता येते भाऊजी. चंद्र मात्र तेवढा दिसेल असं वाटत नाही." दादा आत पालथा झोपून उशी डोक्यावर घेऊन पडला होता. तो एक अक्षर बोलला नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या रात्री लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन गेलो. गॅलरीच्या कठड्यावर 38 लक्स. आत, दादाच्या उशीवर 14. अंदाज यावा म्हणून सांगतो, पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्स असतं. प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची मार्गदर्शक शिफारस आहे की आपल्यासारख्या वस्तीत खिडकीवर मैदानाचा उजेड संध्याकाळी 10 लक्सच्या वर जाऊ नये आणि ठरलेल्या वेळेनंतर 2 च्या वर नको. 'काडीचा नाही' म्हणणारा माणूस मी.

चूक कुठे होती ते नीट सांगतो, कारण हे टर्फवाला तुम्हाला सांगणार नाही. लोकांना वाटतं खांब बुटका तर शेजाऱ्याला त्रास कमी. उलटं आहे. आमचे खांब 8 मीटरचे. बुटक्या खांबावरून मैदानाच्या मध्यापर्यंत उजेड फेकायचा तर दिव्याची मान वर करावी लागते, आणि मान वर केली की तो मैदान ओलांडून समोरच्या दुसऱ्या मजल्यात घुसतो. उंच खांबावर दिवा जवळजवळ आडवा, जमिनीकडे तोंड करून ठेवता येतो आणि उजेड जिथल्या तिथे पडतो. पण नकाशात 12 मीटर लिहिलं की सोसायटीवाले बिथरतात, म्हणून सगळे 8 लिहितात. मीही 8 लिहिले होते. शेजाऱ्यांची मनं राखायला.

मग ट्रस्टची मीटिंग. आमच्या एका ट्रस्टी साहेबांनी (नाव घेत नाही, लग्नकार्यात अजून भेटतात) माझा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "इंजिनिअर साहेब, नियमात लक्स हा शब्द दाखवा, आत्ता बंद करतो." मला दाखवता आला नाही. खिडकीत घुसणाऱ्या उजेडावर आपल्या देशात वेगळा कायदाच नाही. टर्फ चालवणारा मुलगा बिचारा मधल्यामध्ये, "काका, थई जशे, टेन्शन ना लो," (होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका) एवढंच म्हणत होता. मी घरी आलो आणि आठ दिवस कोणाशी धड बोललो नाही.

वाट सापडली ती त्या 'टण्ण'मुळे. उजेडावर कायदा नाही, आवाजावर आहे. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पाइपावर आपटणारा चेंडू आणि अकरा वाजता 'हाउझॅट' ओरडणारी बारा पोरं 45 मध्ये बसत नाहीत, हे सिद्ध करायला मीटरही लागत नाही. हे नियम धरून ट्रस्टला अर्ज दिला, त्यावर ट्रस्ट जरा सरळ बसला. वेळ ठरली साडेनऊ, आणि वेळेच्या पाठोपाठ दिव्यांचंही बोलणं निघालं.

दिव्यांचे डोके खाली आणले, एका बाजूलाच उजेड टाकणारे फिटिंग लावले, मागे पत्र्याची झापडं. निम्मा खर्च माझ्या खिशातून, हे दादाला अजून माहीत नाही. मैदानावर आधी साडेतीनशेच्या आसपास लक्स होते ते सव्वादोनशेवर आले. गिऱ्हाईक कमी होईल अशी ओरड झाली. एकाही पोराने फरक ओळखला नाही. फुटबॉलच्या युरोपियन मानकात साध्या सरावाला 75 लक्स धरतात आणि क्लबच्या सामन्याला 200, तुमच्या शाळेला स्टेडियम करायचं नाहीये. वहिनींच्या कठड्यावर 7 लक्स आले. पंचांग आता दिवा लावूनच वाचतात.

आणि टायमर. तो बसवला हे पुरेसं नाही. एका शनिवारी कोणा कंपनीच्या स्पर्धेसाठी टायमरला बाहेरून वायर जोडून रात्री एकपर्यंत दिवे चालवले. पेटीची किल्ली टर्फवाल्याकडे, शिपायाकडे आणि ट्रस्टी साहेबांच्या गाडीत, अशा तीन ठिकाणी. विचारायला गेलो तर प्रत्येकाकडची हरवली होती. म्हणून तुम्हाला सांगतो, परवानगीच्या फाइलला जेवढा वेळ देता त्यातला निम्मा वेळ किल्लीला द्या. करारातच लिहा: दिवे किती वाजता बंद, पेटीला सील, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि पहिल्यांदा मोडलं तर काय, दुसऱ्यांदा मोडलं तर काय. तोंडी 'साडेनऊ ने?', 'हो हो, साडेनऊ' ह्याला काही अर्थ नाही.

माझी भाची लेस्टरला असते. तिच्या घरामागच्या शाळेने असंच फ्लडलाइटचं टर्फ काढलं तर काउन्सिलचं पत्र घरी आलं, आक्षेप असेल तर 21 दिवसांत कळवा. शाळेच्या मैदानाला हात लावायचा तर तिथे स्पोर्ट इंग्लंड ह्या संस्थेलाही विचारावं लागतं. परवानगीच्या अटीतच दिवे बंद करायची वेळ लिहिलेली असते. आपल्याकडे शेजाऱ्याला कळतं ते खांब उभे राहिल्यावर. तुम्ही शाळेकडून विचारताय म्हणून म्हणतो, अर्ज करायच्या आधी मागच्या सोसायटीत जा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांना विचारा, चेअरमनला नव्हे.

ट्रस्टची शाळा असेल तर आणखी एक. जागा टर्फवाल्याला तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर चॅरिटी कमिशनरची मंजुरी लागते. टर्फवाला पाच-सात वर्षं मागणारच, कारण कार्पेटच आठ-दहा वर्षं चालतं आणि त्याला पैसे काढायचे असतात. 'दोन वर्षं अकरा महिने, मग बघू' ही पळवाट सगळे सुचवतील. आमच्या ट्रस्टी साहेबांनीही सुचवली होती. मी लेखी विरोध नोंदवला, मिनिट्समध्ये आहे, ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

पत्र्याची केबिन, कोल्ड्रिंकचा फ्रिज, जनरेटर असलं काही नंतर हळूच येतं. 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागून 27 जीव गेले, आणि त्या जागेला फायरची एनओसी नव्हती. तेव्हापासून पैसे घेऊन खेळवायच्या जागांकडे तपासणीवाले वेगळ्या नजरेने बघतात, आणि बघावंच. जे काही ठेवणार ते नकाशात पहिल्या दिवशी दाखवा. विजेचं कनेक्शनही शाळेच्या मीटरवरून ओढू नका.

पाण्याचं विचारलं नाहीत, पण ऐका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा टर्फ एका कोपऱ्याने उचललं गेलं आणि त्यातले रबराचे काळे दाणे वाहत जाऊन गटाराच्या जाळीत बसले. पाणी ओसरल्यावर दादाच्या स्कूटरच्या सीटखाली निघाले, मोहरीसारखे. युरोपने 2023 मध्ये नियम करून हे दाणे 2031 पासून विकायलाच बंदी केली आहे. मातीचं मैदान पाणी पीत होतं, हे दादाचं म्हणणं मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. त्याच्यासमोर नाही केलं.

आणि मे महिन्यात दुपारच्या पाळीच्या मुलांना त्याच्यावर अनवाणी सोडू नका. मी मोजलंय, हवा 42 अंश असताना टर्फ 63 अंश.

एवढं वाचून मी टर्फच्या विरोधात आहे असं वाटेल. नाही. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो, आणि साडेसहा ते आठ शाळेच्या मुलींची फुटबॉलची टीम तिथे सराव करते. पूर्वी मातीवर, अंधारात, मुली थांबतच नव्हत्या, घरचे थांबू देत नव्हते. ट्रस्टी साहेब ह्या मुद्द्यावर बरोबर होते, लिहून ठेवतो. फक्त त्यांनी ती वेळ भाड्याच्या बुकिंगमधून वगळून करारात घातली नव्हती, ती मी घालायला लावली. तुम्ही आधीच घाला.

वर जे कायद्याचं लिहिलं ते बडोद्यापुरतं, गुजरातच्या नियमांप्रमाणे. तुमच्या जमिनीवर काही जुनी-नवी शर्त (सरकारी अट) लागली असेल किंवा टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, प्लॉट मैदान म्हणून राखीव असेल तर चित्र बदलतं, आधी सातबारा आणि टीपीचा कागद एकाच टेबलावर ठेवून बघा. उत्तरायणाच्या आठवड्यात जाळी उतरवायची अटही घाला. नाहीतर पतंग काढायला पोरं खांबावर चढतात, आमच्याकडे एक चढला होता आणि वहिनींनीच गॅलरीतून ओरडून उतरवला.

किती दिवस लागतात ते राहिलंच. आमचे पाच महिने गेले. त्यातले तीन आमच्याच ट्रस्टच्या सह्या गोळा करण्यात.